आधीचा, आधीच

बिजुमोन फोरमनने फॉर्मवर बॉलपेनने लिहिलं होतं,
एकही आर्टिकल न वापरता:
प्रीव्हियस इंजर्ड वर्कर स्लिप फ्रॉम सेम स्टेप.
मी टाइप केलं, तसंच.
मशीनने पहिल्या शब्दाखाली लाट काढली,
निळी, बारीक.
सोहारला आल्यापासून मला दिसलेला तेवढाच समुद्र.

मस्कतहून फाइल परत आली तेव्हा लाट गेली होती.
प्रीव्हियसली इंजर्ड वर्कर स्लिप्ड फ्रॉम द सेम स्टेप.
सोबत टीप: फक्त ग्रामर. सकाळी सहापर्यंत सही करून पाठवा.

ग्रामरला नाव ठेवायला जागा नाही.
पोर्टाकॅबिनचा एसी रंगाच्या बादलीत ठिबकतोय,
कडक चहावर साय धरलीय,
आणि मी त्या दोन अक्षरांकडे बघत बसलेय.
ली.
आमच्याकडे ली लागली की कुणी बाई आली, गेली, पडली.
यांच्याकडे ली लागली
आणि एक अख्खा माणूस गेला.

दापोलीच्या शाळेत कुसाळकर बाई सांगायच्या,
विशेषण नामाच्या वळणावर जातं:
आधीचा, आधीची, आधीचे.
'आधीच' कुणासाठी बदलत नाही.
अव्यय. ज्याचा व्यय होत नाही ते.
मागच्या बाकावरून मी विचारलं होतं,
मग खर्च कुणाचा होतो?
बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं.

आधीचा जखमी कामगार.
आधीच जखमी कामगार.
एका कान्याचा फरक.

कान्यासकट वाचलं तर दोन माणसं आहेत.
आधीचा म्हणजे लालबाबू, छपऱ्याचा,
रमजानच्या आधी याच शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पडला.
मनगट प्लास्टरमध्ये घेऊन घरी गेला,
फलजच्या कॅम्पमधला त्याचा बंक दोन दिवसांत भरला.
आणि आत्ताचा म्हणजे इम्तियाज परकार, गुहागरचा,
जूनच्या मेडिकलमध्ये फिट, शिक्क्यासकट.

काना काढला की एकच उरतो.
मग इम्तियाजच लालबाबूचं मोडकं मनगट घेऊन शिडी चढतो.
मग तिसरी पायरी पहिल्यांदाच सैल झालेली असते.
मग विम्याच्या कागदावर, कलम नऊमध्ये,
त्याचं दुखणं त्याने घरूनच आणलेलं असतं,
लोणच्याच्या बरणीसारखं.

ध चा मा करणाऱ्याला निदान एक अक्षर खोडावं लागलं.
इथे कुणी काहीच खोडलं नाही.
कदाचित मस्कतला खरंच कुणी एक मुलगी असेल,
माझ्यासारखीच,
जिने फक्त लाट घालवली.

काल हॉस्पिटलमध्ये इम्तियाज म्हणाला,
ताई, माझ्याबद्दल काय लिवलंत?
खुब्यात सळई आहे, कूस वळवता येत नाही.
म्हटलं, अजून चाललंय.

चार वाजता मी ली काढली.
लाट परत आली.
पुन्हा लावली, गेली.
पाच-सहा वेळा तेच करत बसले,
दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखी.
खिडकीत रिफायनरीची ज्योत,
तिला दिवस-रात्र काही कळत नाही.

मग दोन्ही शब्द काढले.
लिहिलं: लालबाबू साह, तारीख, शिडी क्रमांक, पायरी तिसरी.
खाली: इम्तियाज परकार, तारीख, शिडी तीच, पायरी तीच.
नामाच्या आधी काहीच ठेवलं नाही.
मशीनला बोलायला जागा उरली नाही.
मस्कतला उरेल.

पाच चाळीसला सही.
बाहेर शिडीची पिवळी पट्टी एका टोकाने सुटलेली,
वाऱ्यावर फडफडतेय, अजून कुणी बांधलेली नाही.
बिजुमोन बूट झटकत होता.
मॅडम, माझं इंग्लिश फार वाईट?
म्हटलं, नाही रे. तुझ्या वाक्यात दोन माणसं होती.
तो हसला.
त्याला वाटलं, मी समजूत काढतेय.